सहा वर्षे काम केले आहे

लोणंदच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं काढून आमच्या ओळखीतल्या एका पोरानं नोकरी सोडली. सोडताना रीतसर अनुभवाचा दाखला घेतला. दाखला इंग्रजीत, एकाच वाक्याचा : ‘ही हॅज वर्क्ड विथ अस फॉर सिक्स इयर्स.’ खाली सही, शिक्का. तो घेऊन पोरगं पुण्याला मुलाखतीला गेलं. समोरच्या बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “म्हणजे अजून तिथंच आहात ना? मग नोटीस पीरियड किती?” हा म्हणाला, “नाही मॅडम, सोडलंय.” बाई म्हणाल्या, “यात तर तसं दिसत नाही.”

संध्याकाळी त्यानं तो कागद माझ्यासमोर टाकला. “सर, यात काय चुकलंय ते सांगा. मराठीत करून बघा. यांनी आमच्याकडे सहा वर्षे काम केले आहे. कुणीबी वाचलं तर म्हणंल, गड्यानं काम सोडलं. आता ते इंग्रजीत गेल्यावर मी परत कामावर कसा काय लागलो?”

पोरगं बरोबर होतं. बाईही बरोबर होत्या. दाखला लिहिणाऱ्यानं मराठीत विचार करून इंग्रजीत शब्द बसवले होते, आणि दोन्ही वाक्यं वरून सारखी दिसली तरी त्यांच्या आतली घड्याळं वेगळी चालत होती.

‘हॅज वर्क्ड फॉर सिक्स इयर्स’ या वाक्याचे इंग्रजीत दोन अर्थ निघतात. एक, सहा वर्षांपूर्वी लागला आणि आजही आहे. दोन, आयुष्यात कधीतरी सहा वर्षं तिथं होता. नुसता कागद हातात आला की इंग्रजी वाचणारा माणूस पहिला अर्थ घेतो, कारण ‘फॉर सिक्स इयर्स’ ही सहा वर्षं आजच्या दिवसाला येऊन टेकतात. तेच शब्द उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवले, ‘फॉर सिक्स इयर्स ही हॅज वर्क्ड विथ अस’, तर दुसरा अर्थ उरतच नाही. मग तो आजही कामावरच. नोकरी संपली असं सांगायचं होतं तर साधं ‘वर्क्ड’ लिहून पुढं ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ घालायला हवं होतं. एक ‘हॅज’ जादा पडला.

तर मग इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट क्रिया संपल्याचं सांगतो की नाही? माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारणाऱ्याची चूक नसते. आपण त्या काळाला शाळेत ‘पूर्ण वर्तमानकाळ’ म्हणून शिकतो. नावातच ‘पूर्ण’ आहे. क्रिया पूर्ण, म्हणजे क्रिया संपली. एवढं तर चौथीतल्या पोरालाही कळतं.

हे नाव फार दुरून आलंय. रोममधला पंडित व्हारो लॅटिन क्रियापदांचे दोन ढीग करी : न उरकलेली आणि उरकलेली. उरकलेल्यांना तो ‘पर्फेक्टुम’ म्हणे, म्हणजे शेवटापर्यंत केलेलं. पुढं युरोपातल्या व्याकरणकारांनी आपापल्या भाषांना लॅटिनचाच अंगरखा चढवला, इंग्रजीलाही. मग इंग्रजी व्याकरणाचा साचा आपल्याकडे आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं, तेव्हा इंग्रजी व्याकरण समोर ठेवूनच मराठीची मांडणी चालली होती, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी नंतर दादोबांच्या मांडणीवर बारकाईनं टीकाही केली. एकूण काय, लॅटिनसाठी शिवलेला अंगरखा इंग्रजीला ढगळ झाला, तोच अल्टर करून आपण घातला. त्यातला ‘पूर्ण’ हा शब्द क्रियेबद्दल पक्कं काही सांगतो असं समजून चालणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगरख्यावरून आपलं माप घेणं.

क्रिया संपली की नाही, हे इंग्रजीत ‘हॅज’ ठरवत नाही. ते बरंचसं क्रियापदाच्या स्वभावावर ठरतं. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञानं 1957 साली क्रियापदांच्या स्वभावाचे चार प्रकार मांडले, ते अजून टिकून आहेत. काही क्रियापदं नुसती स्थिती सांगतात : असणं, राहणं, ओळखणं. काही चालूच राहू शकतात : चालणं, खोदत बसणं. काहींना मुक्कामाचं ठिकाण असतं : विहीर खोदणं, चिठ्ठी लिहिणं. आणि काही क्षणात होतात : पोचणं, हरवणं, सापडणं. ‘शी हॅज नोन हिम सिन्स स्कूल’ म्हटलं की ओळख आजही आहे. ओळख संपत नसते, निदान लोणंदसारख्या गावात तरी. ‘दे हॅव डग अ वेल’ म्हटलं की विहीर झाली, टिकाव-फावडी घरी गेली. ‘दे हॅव डग फॉर थ्री डेज’ म्हटलं तर? तीन दिवस खोदतायत, आणखी किती खोदतील कोण जाणे. ‘हॅव’ तेच, खोदणंही तेच, फक्त मुक्काम काढून टाकला आणि शेवट नाहीसा झाला.

याच्या उलट एक समजूत असते, की ‘हॅज बीन’ला ‘-इंग’ लागलं म्हणजे क्रिया हमखास चालू. गाइडांमध्ये तसं छापलेलं असतं. पण डोळे लाल झालेल्या मैत्रिणीला कुणी ‘यू हॅव बीन क्रायिंग’ म्हणतं तेव्हा रडणं थांबलेलं असतं; उरलेत ते लाल डोळे. त्या वाक्याला रडण्याशी फारसं घेणंदेणंच नाही, डोळ्यांशी आहे.

मला या काळाचं मर्म तिथंच दिसतं. क्रिया मागं कुठंतरी झाली असेल किंवा अजून होत असेल, बोलणारा उभा आहे तो आजमध्ये, आणि तिथून मागं बघून तो सांगतोय की आज आपल्या हाती काय आहे. हान्स रायशनबाख यांनी 1947 साली हेच तीन खुणांनी मांडलं : क्रिया घडल्याची खूण, बोलण्याची खूण आणि बोलणारा जिथून पाहतो ती खूण. साध्या भूतकाळात पाहणारा क्रियेशेजारी जाऊन उभा राहतो. प्रेझेंट परफेक्टमध्ये तो जागचा हलत नाही.

हे समजायला इंग्रजी लागतच नाही. लोणंदचा कांद्याचा बाजार पुरतो. “भाव पडले” आणि “भाव पडलेत” या दोन वाक्यांत एका ‘आहे’चा फरक, तोही बोलताना ‘त’मध्ये जिरून गेलेला. पण शेतकरी त्यात कधी चुकत नाही. “भाव पडलेत” म्हटलं की आज, आत्ता भाव खाली आहेत. ट्रॉली भरू नको. मधे भाव चढले असतील तर तेच वाक्य खोटं ठरतं. मग म्हणायचं, “पडले होते, आता सुधारलेत.” पडण्याची क्रिया केव्हाच संपलेली, वाक्य टिकलं ते पडलेपणावर. बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञानं 1976च्या आपल्या पुस्तकात परफेक्टचे चार उपयोग सांगितले, त्यातला पहिला हाच, परिणाम उरण्याचा. आडतीवर बसणाऱ्याला कॉम्री वाचायची गरज नाही.

मराठी या बाबतीत इंग्रजीच्याही पुढं जाते. “आजोबा कट्ट्यावर बसलेत.” “बाळ झोपलंय.” “तिनं हिरवी साडी नेसलीय.” “मास्तरांनी चष्मा घातलाय.” बसणं म्हणजे उभ्याचं बसतं होणं, ती क्रिया दोन सेकंदांत संपली. पण आपण ‘बसलेत’ म्हणतो ते त्यानंतरचा तासभर. इंग्रजी माणूस इथं परफेक्ट वापरतच नाही, तो ‘सिटिंग’, ‘स्लीपिंग’, ‘वेअरिंग’ म्हणतो. त्याच्या लेखी बसणं अजून चालूच आहे. म्हणून आपला नवशिका विद्यार्थी ‘ग्रँडफादर हॅज सॅट’ असं लिहितो, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं आजोबांना बसवायला बरेच कष्ट पडले असावेत. सातारा-सांगलीकडच्या बोलीत हे रूप आणखी ठसठशीत होतं : “पावणं आल्यात, सोप्यात बसल्यात.” बसल्यात म्हणजे उठलेले नाहीत; चहा टाका.

आणि चहा नको असला तर? “आत्ताच घेतलाय” म्हणायचं. चहा पिऊन झाला ही माहिती कुणाला हवी असते? त्याचा अर्थ एवढाच, की मी आत्ता भरलेला आहे, आग्रह करू नका. जेवणाच्या बाबतीत तर “जेवलोय” हा अख्खा संवाद आहे. तिथं नुसतं “जेवलो” म्हटलं तर समोरचा विचारील, “कधी?” आणि ताट मांडील.

आता दाखल्याकडे परत येतो, कारण खरी गंमत लांबणाऱ्या क्रियांमध्ये आहे. “मी दहा वर्षं लोणंदला राहिलोय” असं कुणी फलटणला म्हणाला, तर ऐकणारा समजतो की हा आता लोणंदला राहत नाही. आजही राहत असेल तर तो म्हणेल, “दहा वर्षं झाली, लोणंदला राहतोय.” जे अजून चालू आहे त्याला मराठी सरळ वर्तमानकाळ देते. इंग्रजी देत नाही. दहा वर्षं मोजली की तिला ‘हॅव’ लागतंच. म्हणून आपण घाईत ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हियर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. या वाक्याला भारतात जितके लोक हसतात तितके इंग्लंडात हसत नसतील. पण ती चूक आळशीपणाची नाही. त्यात एक मराठी माणूस प्रामाणिकपणे ‘राहतोय’ म्हणतोय. आणि दाखला लिहिणाऱ्या बाबूनं याच्या बरोबर उलट केलं. त्याच्या मनात ‘केले आहे’ होतं, संपलेलं. ते त्यानं शब्दाला शब्द ठेवून उतरवलं. पहिल्यानं चालू असलेलं राहणं इंग्रजीत बिघडवलं, दुसऱ्यानं संपलेली नोकरी इंग्रजीत चालू केली.

नियम लोखंडी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. “जन्मापासून इथंच राहिलोय” हे आपण सहज म्हणतो आणि राहणं चालूच असतं. पण तिथं ‘जन्मापासून’ आणि ‘इथंच’ हे दोन शब्द आधाराला उभे असतात, आणि बोलणारा ओसरीवर आपल्यासमोर बसलेला असतो. दाखल्याला ओसरी नसते.

‘काल’ या शब्दानंही अशीच फसगत होते. “पाहुणे कालच आलेत” हे चांगलं मराठी. इंग्रजीत ‘द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. ‘यस्टरडे’ म्हटलं की ‘हॅव’ला बाहेर जावं लागतं. असं का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली. वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘कोडं’ हा शब्द होता. मराठीला हे कोडं पडत नाही. पाहुणे काल आले आणि आज घरात आहेत, दोन्ही खरं. मग एका वाक्यात का बसू नये?

काही ठिकाणी मराठी इंग्रजीहून नेमकी ठरते. ‘हॅज गॉन टू पंढरपूर’ आणि ‘हॅज बीन टू पंढरपूर’ यांतला फरक शिकवताना इंग्रजीचे शिक्षक घामाघूम होतात. मी फळ्यावर दोनच वाक्यं लिहितो : “आजी पंढरपूरला गेलीय.” “आजी पंढरपूरला जाऊन आलीय.” पहिल्यात घराला कुलूप, दुसऱ्यात देव्हाऱ्यात बुक्का. कुणी हात वर करत नाही, सगळ्यांना कळलेलं असतं.

हे ‘हॅव’ इंग्रजीत आलं कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ चिठ्ठी आहे, लिहिलेली’ अशा घडणीचं वाक्य असे. हळूहळू चिठ्ठीची मालकी विरली आणि ‘मी चिठ्ठी लिहिलीय’ उरलं. मराठीत मालकी सांगणारं असं क्रियापदच नाही. आपल्याकडे वस्तू कुणाजवळ तरी ‘असते’. म्हणून आपण ‘आहे’ जोडला. “मी चिठ्ठी लिहिली आहे” यात ‘लिहिली’ चिठ्ठीच्या मागं जाते, माझ्या नाही. मी पुरुष असलो तरी ‘लिहिली’च. आणि येण्या-जाण्याच्या क्रियापदांना इंग्रजीही पूर्वी आपल्यासारखाच ‘आहे’ जोडायची. 1611च्या इंग्रजी बायबलात ‘इज कम’ पानोपानी सापडतं, म्हणजे आपलं ‘आला आहे’च. जर्मन आजही तेच करते. ‘हॅज कम’ ही नंतरची मोठी सोय.

एक खास रूप मात्र आपल्याच मातीतलं आहे, आणि ते सुचण्यासाठी आषाढ लागतो. जेजुरी, वाल्हे करत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदीला पोचते, पादुकांना स्नान होतं आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदला येतो. लोणंदचा मुक्काम एकेकाळी अडीच दिवसांचा असे. आता तिथीच्या हिशेबानं तो कमीजास्त होतो. गावात कुणालाही विचारा, वारी किती वर्षांची? उत्तर येतं, “पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय.” चालत आलीय. इंग्रजीला जिथं ‘हॅज बीन गोइंग ऑन’ अशी चार शब्दांची कसरत लागते तिथं मराठीनं ‘येणं’ हे क्रियापद घेतलं. काळ म्हणजे वाट, आणि रीत ती वाट चालत आजपर्यंत आली. थांबली असं कुणी म्हटलेलं नाही. “आमच्या घरात वारी करत आलोय.” “आम्ही हेच खत वापरत आलोय.” दाखला लिहिणाऱ्याच्या मनात हे रूप आलं असतं तर त्याचा ‘हॅज’ जागेवर बसला असता, पण मग पोराला खरोखरच नोकरी सोडता आली नसती.

याच मुक्कामात आणखी एक वाक्य कानावर पडतं. रात्री तळावर पादुकांच्या दर्शनाची रांग लांबलेली असते, आणि रांगेतलं कुणीतरी घरी फोनवर सांगत असतं, “माउली आलीय. या लवकर.” इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट इथं दारातच अडतो. अभ्यासकांचं जुनं उदाहरण आहे : ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य आज खटकतं, कारण आइन्स्टाइन 1955 साली गेले. ज्याची गोष्ट सांगायची तो आज नसेल, तर त्याच्या नावावर ‘हॅज’ लावायला इंग्रजी बिचकते. ज्याच्याजवळ काही असू शकत नाही त्याला ‘हॅव’ कसं द्यायचं? ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली. मराठी त्यांच्याबद्दल “ज्ञानेश्वरांनी म्हटलं आहे” असंही म्हणते, कारण ओवी समोर आहे. आणि “माउली आलीय” असंही म्हणते, कारण पादुका समोर आहेत. आपला ‘आहे’ कुणाच्या मालकीवर उभा नाही. जे समोर उरलंय त्यावर तो उभा राहतो, मग ते पडलेले भाव असोत, नेसलेली साडी असो, की चांदीच्या पादुका.

मुक्काम आटोपतो आणि पालखी तरडगावच्या वाटेला लागते. मधे चांदोबाच्या लिंबापाशी सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. मागं लोणंदच्या तळावर पत्रावळ्या, चिखल, ओढत नेलेल्या तंबूंच्या खुणा. अशाच एका दुपारी तळ झाडणाऱ्या बाईला उशिरा पोचलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “माउली आलीय न्हवं?”

खराटा न थांबवता ती म्हणाली, “आलती. निघाली मगाशीच. पाय उचला बाबा, लिंबापाशी गाठ पडंल.”